जुनी पद्मिनी घ्यायची? आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी

जुनी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी मोटार, बघायला गेलेला नवखा माणूस पोचल्या पोचल्या बॉनेट उघडायला लावतो. मालक सेल्फ मारतो, इंजिन सुरू होतं, पाहुणा कान देऊन ऐकल्यासारखं करतो आणि म्हणतो, ‘आवाज छान आहे हो!’ मालकाला तिथेच कळतं की गिऱ्हाईक पटलं.

मीही असाच पटलो होतो. माहीमच्या एका चाळीच्या पटांगणात उभी असलेली पांढरी पद्मिनी, मालक सभ्य, इंजिन शिवणाच्या मशीनसारखं चालणारं. दहा हजार रुपये टोकन तिथल्या तिथे देऊन आलो. आठवड्याने आरसी बुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, हातात पडलं तेव्हा समजलं की गाडी मालकाच्या मामांच्या नावावर आहे. मामा वारून अकरा वर्षं झालेली, त्यांचा एक मुलगा ऑस्ट्रेलियात आणि दुसऱ्याशी यांचं बोलणंच नाही. गाडी आली नाही आणि टोकनही परत आलं नाही. त्यानंतर मी बघण्याचा क्रम उलटा केला. पुढचं सगळं त्या उलट्या क्रमानेच लिहितोय.

क्रम असा का, तेही सांगतो. पद्मिनीचं इंजिन मुंबईतला कुठलाही मुरलेला मिस्त्री उतरवून बांधू शकतो आणि खर्च किती येईल तेही आधी सांगू शकतो. पत्रा सडला असेल तर खर्चाला तळ नाही, पण पैसे ओतले तर निदान काम होतं. कागद नसतील तर पैसे ओतूनही काही होत नाही. मग ती गाडी म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खाणारं एक मोठं कपाट.

कोणती फियाट?

जाहिरातीत ‘फियाट’ म्हणून येतं ते सगळं एक नसतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात इटलीच्या फियाट ११०० वर आधारलेल्या गाड्या काढल्या. कारखान्याच्या नावाचा प्रीमियर रोड आजही कुर्ल्यात आहे. पन्नासच्या दशकातली गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी ती ‘डुक्कर फियाट’. १९६४ च्या सुमारास ११०० डी आली, ‘डिलाइट’ नावाने. मागे छोटे पंख असलेली, आपल्या डोळ्यांसमोर येते ती ठेवण तिचीच. १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी. चितोडच्या राणीचं नाव. शतक संपता संपता उत्पादन थांबलं.

पहिलीच जुनी गाडी घेत असाल तर ऐंशीच्या दशकातली पेट्रोल पद्मिनी शोधा, १०८९ सीसीची, हँड गिअरवाली, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. डुक्कर फियाट दिसायला कितीही गोड असली तरी तिची एक काच फुटली की सहा महिने गेले. डिझेल पद्मिनी स्वस्तात मिळते म्हणून हुरळू नका, तिच्या इंजिनाचे भाग शोधणं हे वेगळंच व्रत आहे. शेवटच्या काळातल्या फ्लोअर गिअरच्या गाड्या चालवायला सोप्या आहेत, पण मग पद्मिनी घेतली कशाला, असं मला वाटतं. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

आणखी एक शब्द सांभाळून ऐका: ‘व्हिंटेज’. १९९३ ची गाडीही लोक व्हिंटेज म्हणून विकतात. कायद्याच्या भाषेत पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज. २०२१ मध्ये केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. म्हणजे पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयाला पोचल्या आहेत. पण घाई करू नका. व्हीए नंबरची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. रविवारी सकाळी बायकोला घेऊन वरळी सी-फेसला चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी चालू असलेली गाडीच बरी.

फोनवरच निम्मं काम करा

जायच्या आधी पाच गोष्टी विचारायच्या. आरसीवर नाव कोणाचं? तुमचं त्यांच्याशी नातं काय? नोंदणीची मुदत कधीपर्यंत आहे? गाडी कधी टॅक्सी होती का? शेवटची रस्त्यावर कधी आली होती? उत्तरं लिहून ठेवा. मग आरसीच्या सगळ्या पानांचे फोटो मागा. पहिल्याच पानाचा फोटो पाठवून ‘बाकी भेटल्यावर बघू’ म्हणणारा माणूस बाकीचं काहीतरी लपवतोय, असं धरून चाला.

घरगुती मालक कोण आणि दलाल कोण, हे पहिल्या दोन मिनिटांत कळतं. घरगुती मालक गाडीबद्दल नको तेवढं बोलतो. महाबळेश्वरला घाटात पाणी उकळलं होतं इथपासून सुरुवात होते. दलाल फक्त ‘सिंगल ओनर, मिंट कंडिशन’ म्हणतो आणि ‘आज संध्याकाळी अजून एक पार्टी येतेय’ म्हणतो. दलालाकडून घेऊच नये असं नाही, पण मग तो मालक असल्याचं सोंग का करतोय, एवढं विचारा.

कागद

गाडीपाशी गेल्यावर बॉनेट उघडायचं ते इंजिन ऐकायला नाही, नंबर वाचायला. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अक्षर जुळवून बघा. माझ्या खिशात नेहमी शिसपेन्सिल, पातळ कागद आणि चिंधी असते. नंबरावरचा चिकटा पुसायचा, कागद दाबून धरायचा, पेन्सिल आडवी करून हलकेच घासायची. नंबर कागदावर उमटतो. आरटीओत याला पेन्सिल प्रिंट म्हणतात. डोळ्याला नीट वाटलेला ३ कागदावर ८ निघालेला मी पाहिलाय. अक्षरांची खोली कमीजास्त असेल, एखादं अक्षर ओळ सोडून बसलं असेल, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा नव्याने रंगवलेला असेल तर तिथेच नमस्कार करून निघा. इंजिन बदललं असणं हा गुन्हा नाही, या वयात बऱ्याच गाड्यांचं बदललेलं असतं. पण ते आरसीवर चढवलेलं हवं.

मग आरसीची तारीख. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन, तपासणी करून नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५. २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ही फी २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा, आणि उशीर झाला असेल तर त्याचा दंड महिन्यांच्या हिशेबाने. २०१४ पासून नूतनीकरणच न केलेली गाडी ‘पेपर क्लिअर’ म्हणून विकायला येते तेव्हा हा सगळा आकडा किमतीतून वजा करायचा असतो. आणि मुदत संपलेली गाडी चालवून घरी न्यायची नाही, टोइंगचे पैसे धरा.

एमएच मालिका सुरू होण्याआधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरांच्या गाड्यांना बाजारात वेगळा मान आहे. मात्र त्यातल्या बऱ्याच गाड्या सरकारी ‘वाहन’ प्रणालीत नसतात. फोनवरच्या परिवहन ॲपमध्ये नंबर टाकून बघा. काहीच आलं नाही तर ‘बॅकलॉग एन्ट्री’ करून घ्यावी लागणार, म्हणजे आरटीओच्या जुन्या नोंदींवरून गाडीची माहिती संगणकात चढवायची. हे काम मालकाकडून, विक्रीच्या आधी करून घ्या. ‘नंतर आपण करू’ या तीन शब्दांपायी माझ्या एका मित्राने ताडदेव आरटीओच्या दोन पावसाळे फेऱ्या मारल्या. याच वेळी मालकाचा मोबाइल नंबरही प्रणालीत जोडून घ्या, कारण हस्तांतराचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि म्हातारे काका नेमके तेव्हा मुलीकडे पुण्याला गेलेले असतात.

बोजा बघा. १९८५ साली कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या आरसीवर अजूनही कुठल्यातरी बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. कर्ज फिटून तीन तपं झाली, पण बोजा उतरवायचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नाही. दरम्यान ती कंपनी बंद पडली किंवा बँक दुसरीत विलीन झाली. यातून मार्ग निघतो, पण तो मालकाने काढायचा, तुम्ही नाही.

मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढायला हवी. त्याला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. वारसाच्या नावावर आरसी आल्यावरच सौदा. ‘सगळे भाऊ आमच्या शब्दाबाहेर नाहीत’ हे वाक्य मी माहीमला ऐकलं होतं.

गाडी मुंबईतल्याच पण दुसऱ्या आरटीओची असू शकते. ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, बोरिवली ४७. बाहेरची असेल तर फॉर्म २८, म्हणजे ना हरकत पत्र, लागतं. दिल्लीहून ‘एनओसी तयार’ म्हणून येणाऱ्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. पहिल्या खरेदीला त्या वाटेला जाऊ नये.

टॅक्सी होती का?

हा प्रश्न मुंबईतच इतका महत्त्वाचा. वर्षानुवर्षं या शहरातली टॅक्सी म्हणजे पद्मिनीच. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. मर्यादा संपलेल्या टॅक्सीची नोंदणी रद्द होते आणि ती भंगारात जायला हवी. काही जात नाहीत. रंग मारून, दुसऱ्याच गाडीचे कागद चिकटवून ‘घरची गाडी’ होतात.

ओळखायचं कसं? दरवाज्याच्या चौकटीचं रबर बोटाने हळूच उलटा. वरच्या बाजूला, छताच्या कडेला, रबराखाली पिवळा रंग आणि खालच्या अंगाला काळा सापडला तर गोष्ट संपली. बाहेरून रंगवणारा रबराखाली कधी घासत नाही, त्याला तेवढे पैसे मिळालेले नसतात. मग पुढे डाव्या बाजूला बघा. लोखंडी मीटर तिथे बाहेर बसवलेला असायचा, त्याची बुजवलेली भोकं हाताला लागतात. डिकीत गालिचा उचलला की सीएनजी सिलिंडरच्या पट्ट्यांचे बोल्ट किंवा निदान त्यांचे व्रण दिसतात. मागच्या सीटच्या स्प्रिंगा एका बाजूला बसलेल्या असतील तर तेही बोलकं आहे. घरची गाडी पुढून झिजते आणि टॅक्सी मागून. खासगी गाडीतही सीएनजी असू शकतो, पण मग तो आरसीवर हवा आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट चालू हवी.

कायदेशीरपणे टॅक्सीची खासगी झालेली गाडीही असते. तिचे कागद तसं सांगतात. ती घ्यायला हरकत नाही, फक्त भाव टॅक्सीचा द्यायचा.

पत्रा

कागद पटले, आता गुडघे टेका. अक्षरशः. सोबत जुनी चादर आणि टॉर्च घेऊन जा.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून गाडी उभी राहण्याचा प्रश्न आहे. दरवाज्यांच्या खालची लांब पेटी, जिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती पहिली सडते. तिथे अंगठ्याने दाबा. मग जॅक लावायची जागा, चाकांच्या वरच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या मॅटखालची जमीन आणि मागचे पाटे जिथे बॉडीला धरलेत ते कोपरे. मॅट उचलून द्यायला मालक कां कूं करत असेल तर उत्तर मिळालं. खाऱ्या हवेमुळे समुद्राकाठच्या इमारतीत उघड्यावर राहिलेली गाडी आणि मुलुंडला बंद गॅरेजमध्ये राहिलेली गाडी यांच्यात एकाच वर्षाच्या असूनही दहा वर्षांचं अंतर दिसतं.

वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्याखाली किती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, भरली आहे ते लोहचुंबकाने कळतं. फ्रिजवर लावतात तसलं चपटं चुंबक रुमालात गुंडाळून फिरवा, रंगाला ओरखडा जात नाही. धरलं, धरलं, आणि एके ठिकाणी घसरून पडलं, की तिथे पत्रा नाही, लांबीच आहे. सगळ्या गाडीला कुठेतरी लांबी असणारच, चाळीस वर्षांत कोणी ना कोणी घासलेलं असतं. पण रनिंग बोर्डवर आणि कमानींवर चुंबक घसरलं तर आत काय आहे हे गॅसवेल्डिंगवालाच सांगेल. दरवाजा उघडून थोडा वर उचला. बिजागरीत खेळ असेल तर चालतं, पण चौकटच हलली तर नाही.

पाण्यात बुडालेली गाडी हाही मुंबईचाच विषय. २६ जुलै २००५ ला किती गाड्या छतापर्यंत गेल्या ते आठवा. डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारा. वायरींच्या जुडग्यावर चिखलाचा कोरडा पापुद्रा, सीटच्या पट्ट्यांच्या मुळाशी गाळाची रेघ किंवा हेडलाइटच्या आत तपकिरी डाग दिसला तर गाडी किती खोल पाण्यात होती ते तुम्हाला समजेल. मालकाला कदाचित माहीतही नसेल.

आणि आता इंजिन

आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ‘काका, सकाळी येतो, गाडी सुरू करून ठेवू नका.’ पोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरला हात लावा. गरम लागला तर चहा घ्या, गप्पा मारा, तासाभराने बघू म्हणा. थंड इंजिन खोटं बोलत नाही.

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघा, तेलकट तवंग आहे का. ऑइलची काडी काढा. ऑइल काळं असलं तर असू दे. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेड. मग चोक ओढून सेल्फ. पहिल्या मिनिटाचा पांढरा धूर थंडीचा. निळा धूर ऑइल जळतंय म्हणून आणि काळा पेट्रोल जास्त जातंय म्हणून. काळ्याची चिंता कमी, कार्बोरेटर साफ करून ठिणगीच्या पॉइंटचं अंतर नीट केलं की बहुधा तो जातो. पीयूसीत या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत बसवावा लागतो आणि नीट जुळवलेल्या गाडीत तो बसतो.

इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून आगगाडीसारखे भकाभका भपकारे येत असतील तर मिस्त्रींच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन’ आहे, रिंग-पिस्टनचं काम निघालं. हे मिस्त्रीला दाखवायचं काम आहे, म्हणून मिस्त्री सोबत न्याच. त्याला त्याचा दिवसाचा रोज आणि टॅक्सीभाडं द्या. ‘घेतली तर काम तुलाच देईन’ असं आमिष दाखवून नेलेला मिस्त्री गाडी घ्याच म्हणणार, हे उघड आहे. चांगला मिस्त्री चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. आकडा किती आला यापेक्षा चारही एकमेकांजवळ आहेत का, हे तो बघतो.

चालवताना काय बघायचं? हँड गिअरची सवय नसेल तर आधी मालकालाच चालवू द्या आणि त्याचा हात बघा. त्याला दुसरा गिअर दोनदा शोधावा लागत असेल तर खालच्या दांड्यांचे बुश गेलेत, खर्च किरकोळ. पण उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गिअर आपोआप निसटत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पेडर रोडचा चढ-उतार या परीक्षेला उत्तम, पण रविवारी सकाळी सातला. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्यावरच टाका, नाहीतर दाते वाजतील आणि मालकाच्या कपाळावरही आठी येईल.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. आजच्या गाडीचा पाय इथे ठेवलात तर पहिल्या सिग्नलला छाती धडधडेल, ते स्वाभाविक आहे. बघायचं ते एवढंच की गाडी एका बाजूला ओढते का आणि पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातं का. स्टिअरिंगचा थोडा खेळ चालतो, दोन बोटांपेक्षा जास्त नको. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. कटकट वाजलं तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, झिजलीय. शेवटी गाडी उभी करून दहा मिनिटं तशीच चालू ठेवा. तापमानाचा काटा कुठे जाऊन थांबतो ते बघा, कारण तुमची खरी परीक्षा सायनच्या ट्रॅफिकमध्ये होणार आहे.

भाव आणि पैसे

भावाचा आकडा मी देत नाही, तो गाडीगणिक बदलतो. हिशेबाची रीत सांगतो. मिस्त्रीने काढलेल्या कामांची यादी, नूतनीकरण आणि कर, टोइंग, वर वीस टक्के अनपेक्षित खर्चाचे. हे सगळं तुमच्या बजेटमधून वजा करा. जे उरलं तो तुमचा भाव. मालकाला यादी दाखवा, पण यादी वाचून गाडीची बदनामी करू नका. मी दादरच्या ज्या काकांकडून शेवटी गाडी घेतली, त्यांच्याकडे १९८४ पासूनची वही होती. प्रत्येक ऑइल बदल, प्रत्येक टायर, तारीख आणि किलोमीटर घालून, निळ्या शाईत. मी यादी काढली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “किंगपिनचं मला माहितीय. वहीत लिहिलंय, पान बघा.” मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, “तुम्ही चालवणार आहात की ठेवणार?” चालवणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःहून आठ हजार कमी केले. काकूंनी तेवढ्यात पोहे आणले.

टोकन द्यायचं ते कागद बघितल्यावर, आणि चिठ्ठीवर: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, टोकनची रक्कम, आणि कागदात दोष निघाला तर टोकन परत, हे वाक्य. बाकी रक्कम बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, आणि ‘थोडं कॅश करा ना’ला बळी पडलात तर भांडणाच्या वेळी हातात पुरावा राहत नाही.

विक्री करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. त्यासोबत डिलिव्हरी नोट करा आणि तिच्यावर तारीखच नाही, वेळही लिहा. सकाळी अकराला गाडी तुमच्या ताब्यात आली असेल तर दहा वाजताचं ई-चलन काकांचं आणि साडेअकराचं तुमचं. जुनी थकलेली चलनं आधीच तपासून मालकाकडून भरून घ्या.

नावावर करणं

फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह. विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एक अडचण कोणी सांगत नाही: म्हाताऱ्या मालकाची आजची सही आणि त्याची १९८४ ची सही यांचा एकमेकींशी संबंध नसतो. दादरच्या काकांचा हात थरथरत होता. आम्ही सह्या करायच्या आधी त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि बँकेने सही पडताळल्याचं पत्र घेऊन ठेवलं, म्हणून खेप वाचली. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ‘बघू पुढे’ करू नका, आणि तुम्ही विकणारे असाल तर देऊही नका.

विमा किमान थर्ड पार्टी तरी गाडी हलवायच्या आधी चालू हवा. एवढ्या जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला सगळ्या कंपन्या तयार नसतात, फोन करत राहावं लागतं. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे, मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. जुनी हाताने रंगवलेली पाटी भंगारात देऊ नका, घरात भिंतीवर लावा.

घरी आणल्यावर

आधी सोसायटीचा विचार. गाडी यायच्या आधीच सेक्रेटरींना सांगून जागा पक्की करा, जुन्या गाडीखाली ऑइलचा ठिपका पडणारच, तेव्हा खाली पुठ्ठा टाकायची तयारी आहे हेही सांगा. पहिल्या आठवड्यात सगळी द्रवं बदला: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदला. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगून चिरतं. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल ही एकच गोष्ट अशी आहे, जिच्यात मी चालढकल करत नाही. सुट्या भागांसाठी नवं हवं तर ऑपेरा हाऊस, जुनं अस्सल हवं तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना जुना भाग सोबत न्या, नावाने मागू नका. एकाच वस्तूला दोन दुकानांत तीन नावं असतात.

डिकीत कायम एक फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा जोड, दोन प्लग, पाण्याचा पाच लिटरचा कॅन आणि तारेचा तुकडा असू द्या. आणि पेट्रोलच्या काट्यावर विसंबू नका. माझा अर्ध्यावर असताना हिंदमाताच्या पुलावर गाडी बंद पडली. मागून आलेल्या एका टॅक्सीवाल्याने स्वतःच्या गाडीतून उतरून धक्का मारला. म्हणाला, “माझ्याकडे पण हीच होती, सतरा वर्षं. काटा असाच अडकायचा. खालून बुक्की मारायची टाकीला.” मारली. काटा शून्यावर आला.